कुपनावरची सहभागिता

गेल्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामात ‘धर्मग्राम दिन’ मोठ्या थाटात पार पडला. ‘पार पडला’ हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून करीत आहे. आपल्याकडे कार्यक्रम होत नाहीत, ते पार पडतात. आणि पार पडले की आपण सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागतो. मोठ्यांना साडेतीनशे रुपयांचे कुपन, दहा वर्षांखालील मुलांना निम्मे. चर्चच्या मैदानावर मंडप, मंडपात आठशे खुर्च्या, मटण-पुलाव, आईस्क्रीम, मुलांसाठी संगीतखुर्ची, जोडप्यांसाठी खेळ आणि सरतेशेवटी हाउझी. ध्वनिक्षेपकावरून हाउझीचे आकडे पुकारण्याचा मान प्रमुख धर्मगुरू या नात्याने माझ्याकडे आला होता आणि मी तो आनंदाने स्वीकारला होता. प्रत्येक आकड्याला एखादी कोटी जोडण्याची हौस मला सेमिनरीपासून आहे. लोक हसले, टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन करणाऱ्या गृहस्थांनी आजचा दिवस म्हणजे आद्य ख्रिस्तसभेच्या सहभागितेचा साक्षात अनुभव होता, असे भरल्या गळ्याने सांगितले.

रात्री साडेनवाला निरोप आला. मैदानामागच्या गल्लीत एक आजीबाई चौदा महिने अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची प्रकृती खालावली होती. मी तैलाभ्यंगाचे तेल व ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. संस्कार झाला. आजीबाई पूर्ण शुद्धीवर होत्या. मी उठू लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “फादर, कार्यक्रम चांगला झाला हां. मला सगळं ऐकू येत होतं.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. टोमणा असता तर मी त्यावर उत्तर शोधले असते. त्यांची भाची मला दारापर्यंत पोहोचवायला आली तेव्हा मी चौकशी केली. समूहातील कोणी येऊन जाते का? येऊन गेले होते, ती म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वी कुपने विकायला दोघे आले होते. “तुमचं काही जमणार नाही ना?” असे दारातूनच विचारून, वहीत खूण करून ते पुढच्या घरी गेले. उपवासकाळात आजीबाई देवाघरी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला अवघा समूह फुले घेऊन हजर होता. अंत्यविधीला कुपन लागत नाही.

हा लेख त्या रात्रीपासून माझ्या मनात आहे. तो कोणा एका धर्मग्रामाविरुद्ध नाही. असलाच तर प्रथम माझ्याविरुद्ध आहे. माझे म्हणणे असे की, वसईच्या धर्मग्रामांत आज आपण ज्याला सहभागिता म्हणतो ती बव्हंशी सह-उपस्थिती आहे. आपण एकत्र बसतो, एकत्र जेवतो, एकत्र छायाचित्रे काढतो. मात्र एकमेकांच्या ओझ्याला हात लावत नाही. आणि ज्या एकत्र येण्यात कोणाचे ओझे हलत नाही त्यातून आध्यात्मिक वाढ होईल अशी आशा धरणे म्हणजे खडकावर भात पेरून पावसाची वाट पाहण्यासारखे आहे.

‘सहभागिता’ हा शब्द आपण ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी योजतो तो आहे ‘कोइनोनिया’. सेमिनरीत नव्या कराराच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी या शब्दाची तीन स्थळे फळ्यावर लिहिली होती. पहिले, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय, जेथे आद्य ख्रिस्ती लोक प्रेषितांच्या शिकवणीत, सहभागितेत, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असल्याचे वर्णन येते. दुसरे, करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय. तेथे आशीर्वादाचा प्याला व मोडलेली भाकर यांच्याद्वारे ख्रिस्ताच्या रक्तात व शरीरात जो सहभाग मिळतो त्याला पौल हाच शब्द वापरतो. तिसरे स्थळ आम्हा विद्यार्थ्यांना अनपेक्षित होते. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांनी यरुशलेममधील गरिबांसाठी जी वर्गणी गोळा केली, त्या वर्गणीलाही पौल ‘कोइनोनिया’च म्हणतो. वेदीवरचा प्याला आणि दूरच्या गरिबांसाठी काढलेला पैसा, दोन्हींना एकच शब्द! तीस वर्षांहून अधिक काळ उलटला, पण ते तिसरे स्थळ माझ्या मनातून गेलेले नाही. आणि ते आपल्या व्यवहारात मात्र कोठे दिसत नाही.

आपण दुसऱ्या अध्यायापर्यंत पोहोचतो आणि तेथेच पुस्तक मिटतो. धर्मग्राम दिनाच्या प्रत्येक पत्रिकेवर त्याच अध्यायाचा आधार छापलेला असतो. पुढे वाचण्याचे धैर्य केले तर चौथ्या अध्यायाच्या शेवटी सायप्रसचा बर्णबा भेटतो. तो आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. आणि पाचव्या अध्यायाच्या आरंभीच हनन्या व सप्पीरा हे दांपत्य भेटते. तेही जमीन विकतात, पण किमतीतला काही भाग लपवून उरलेला सगळाच म्हणून पुढे करतात. वाचकहो, कृत्यांच्या पुस्तकात त्या आदर्श मंडळीतला जो पहिला गंभीर अपराध नोंदवला आहे तो जमिनीच्या किमतीबाबतचा आहे, हे वसईकरांनी तरी दुर्लक्षू नये. पेत्राने त्यांना जमीन का ठेवलीत असे विचारले नाही. जमीन तुमचीच होती, पैसाही तुमचाच होता, असेच तो म्हणतो. अपराध होता तो खोट्या एकोप्याचा. सहभागितेचा देखावा करायचा आणि व्यवहार गुपचूप वेगळा ठेवायचा, याला तेथे देवाशी खोटे बोलणे म्हटले आहे. सहाव्या अध्यायात पुन्हा तक्रार आहे: ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते. त्या मंडळीने ती तक्रार दडपली नाही. सर्वांना बोलावून सात माणसे निवडली. आपल्या समूहात अशी तक्रार कोणी मांडलीच, तर ‘वातावरण बिघडवू नका’ असे म्हणून त्याला गप्प केले जाते.

करिंथ येथे तर गोष्ट थेट जेवणाची होती. सधन लोक आधी जेवून घेत आणि कष्टकरी उशिरा पोहोचेपर्यंत काही उरत नसे. कोणी उपाशी, कोणी तृप्त. पौलाने त्यांना कळवले की, तुम्ही एकत्र येऊन जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. लक्षात घ्या, पौलाने त्यांच्या प्रार्थनेतील उणिवा काढल्या नाहीत. त्याने पंगतीतील रिकामी जागा पाहिली. पुढे दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूने जे निवेदन लिहिले त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. वाचन, प्रवचन, प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद. आणि लगेच दोन गोष्टी. जे हजर नाहीत त्यांच्याकडे उपसेवकांच्या हाती ख्रिस्तप्रसाद पाठवला जातो. आणि ऐपतीप्रमाणे लोकांनी दिलेला पैसा अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे व परके प्रवासी यांच्यासाठी अध्यक्षांकडे ठेवला जातो. अनुपस्थित माणूस हा त्या उपासनेचा भाग होता. आपल्याकडे अनुपस्थित माणूस म्हणजे वहीतली एक खूण.

आता कोणी म्हणेल, फादर, याचसाठी तर लहान ख्रिस्ती समूह आहेत. खरे आहे, याचसाठी होते. लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी १९६८ साली मेडेलिन येथे अशा पायाभूत समूहांना ख्रिस्तसभेचा प्राथमिक घटक मानले. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी सत्तरच्या दशकात त्यांना आपल्या पाळकीय कार्यात अग्रक्रम दिला. सहावे पोप पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावरील आपल्या प्रबोधनपत्रात त्यांचे स्वागत केले आणि धोकेही दाखवले. ऐंशीच्या दशकात मुंबई सरधर्मप्रांतात ही चळवळ सुरू झाली. वसई तेव्हा त्याच सरधर्मप्रांताचा भाग होती, आपला धर्मप्रांत १९९८ साली झाला. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई बिशपांची सभा भरली आणि आशियातील ख्रिस्तसभेने ‘समूहांचा समूह’ व्हावे असे ठरले, तेव्हा मी सेमिनरीत होतो. आम्ही तरुण भारावून गेलो होतो. आता धर्मग्राम म्हणजे एक भव्य इमारत आणि तिच्यासमोर रांगेत उभे असलेले लोक, असे राहणार नाही, अशी आमची खात्री होती.

त्या समूहांचे आज काय झाले आहे? काही ठिकाणी ते जिवंत आहेत. त्यांना माझा नमस्कार. बहुसंख्य ठिकाणी मात्र ते चर्चचे टपालखाते झाले आहेत. लिफाफे वाटणे, वर्गणी गोळा करणे, नोव्हेनाच्या कोणत्या दिवशी वेदीची सजावट कोणाकडे याचे वेळापत्रक पाळणे, नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा, आणि वर्षातून एक सहल. या सगळ्या कामांना माझी हरकत नाही. टपाल वाटलेच पाहिजे. पण पोस्टमन दारात आला म्हणून कोणी त्याला कुटुंबीय म्हणत नाही.

समूहात शुभवर्तमानाचे वाचन होते, हेही खरे. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेत तयार झालेली सात पायऱ्यांची पद्धत आपल्याकडेही सर्वत्र पोहोचली आहे. प्रभूला निमंत्रण, उतारा वाचणे, मनाला भिडलेला शब्द उच्चारणे, मौन, अनुभवकथन, त्या वचनाच्या प्रकाशात आपण कोणते काम हाती घ्यायचे याचा एकत्र विचार, आणि शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. या सातांतली सहावी पायरी आपल्या बैठकींतून नाहीशी झाली आहे. पाचवरून आपण थेट सातवर उडी मारतो, कारण मधल्या पायरीवर पाय ठेवला की घरी गेल्यावर काहीतरी करावे लागते.

एक उदाहरण देतो. गाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण प्रत्येक वाचकाला ते आपल्याच गावचे वाटेल. एका समूहात दोन सख्खे भाऊ होते. वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून त्यांच्यात अकरा वर्षे न्यायालयीन वाद चालू होता. विहीर एकाच्या हद्दीत, वाट दुसऱ्याच्या. मध्ये भिंत उभी राहिली होती, भिंतीवर काचा रोवल्या होत्या. दोघेही धार्मिक, दोघांच्याही घरात पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे दिवा. त्या महिन्याच्या बैठकीला मी गेलो होतो. उतारा होता मत्तयच्या पाचव्या अध्यायातला: वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्याचा. मी श्वास रोखून बसलो. थोरल्याने क्षमेवर इतके सुंदर अनुभवकथन केले की दोघी बायकांनी डोळे पुसले. धाकट्याने देवाच्या दयेवर त्याहून सुंदर केले. चाळीस माणसांपैकी प्रत्येकाला ती भिंत ठाऊक होती. कोणीही बोलले नाही. मीही बोललो नाही. मग कोणीतरी घड्याळाकडे पाहिले, चहा तयार असल्याचे आतून सांगण्यात आले, आणि आम्ही सातव्या पायरीवर जाऊन आभाराची प्रार्थना केली.

ही आध्यात्मिक वाढ म्हणायची काय? शब्दसंपत्तीची वाढ म्हणता येईल फार तर.

यावर माझे काही भक्तिमान मित्र म्हणतात की, फादर, जमीनजुमला, कोर्टकचेऱ्या, औषधपाणी ही ऐहिक प्रकरणे. आत्म्याची वाढ हा देव आणि माणूस यांच्यातील एकांताचा विषय. त्यांना कार्यक्रमांचा उबग आलेला असतो आणि तो मी समजू शकतो. ते साधनेला जातात, आराधनेला तासन् तास गुडघे टेकतात. पण त्यांच्या युक्तिवादाला मी अविलाच्या संत तेरेजाबाईंचाच दाखला देतो. प्रार्थनाजीवनाचा त्यांच्याइतका अधिकार कोणाचा? १९७० साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘आचार्य’ ही पदवी दिली. स्त्रियांमध्ये हा मान त्यांना प्रथम मिळाला. १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक गढी’ या ग्रंथाच्या पाचव्या दालनात त्या सांगतात की, आपण देवावर प्रीती करतो की नाही हे आपल्याला नक्की कळत नाही, शेजाऱ्यावर करतो की नाही हे मात्र कळते. आणि आजारी भगिनी दिसली तर आपल्या ध्यानातील गोडी जाईल याची फिकीर न करता तिच्याकडे जावे. भिंतीआडच्या मठात राहणारी स्त्री हे लिहिते. आमच्या गल्लीतील आजीबाई आणि आमचे आराधनालय यांत दोनशे पावलांचे अंतर होते.

दुसरा आक्षेप तरुणांच्या नावाने घेतला जातो. कार्यक्रम नसतील तर तरुण येणार नाहीत, तरुण आले नाहीत तर चर्च ओस पडेल. पंचवीस वर्षांच्या माझ्या पौरोहित्यात मी तरुणांच्या किती सहली काढल्या, याची गणती नाही. बसमध्ये मी त्यांच्याबरोबर गाणी म्हटली आहेत. ते दिवस आनंदाचे होते आणि मला त्यांचा पश्चात्ताप नाही. पण त्या बसमधून किती जण प्रायश्चित्त संस्कारापर्यंत, मिस्सेपर्यंत, प्रार्थनेपर्यंत पोहोचले, हे प्रामाणिकपणे पाहिले तर उत्तर अवघड आहे. जे टिकले त्यांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक मुलगा दर रविवारी एका अंध गृहस्थाला दुचाकीवरून मिस्सेला आणीत असे. दोघी मुली आदिवासी पाड्यावर गणित शिकवायला जात. एक जण तर सहलीला कधीच आला नाही. तो मृतांच्या घरी रात्रभर बसायला जाई. त्यांना कोणी करमणूक दिली नव्हती, काम दिले होते. तरुण करमणुकीसाठी आपल्याकडे येतील हा आपला भ्रम आहे; ती त्यांच्या खिशातील दूरध्वनीवर आपल्यापेक्षा कितीतरी सरस मिळते.

मी आनंदाचा वैरी आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. प्रभू काना गावच्या लग्नाला गेला, जक्कयाच्या घरी उतरला, लोकांनी त्याला खादाड म्हणण्याइतका तो पंगतींत बसला. वसईच्या माणसाला जेवणाविषयी शिकवणारा मी कोण? पण लूकच्या चौदाव्या अध्यायात त्याने यजमानाला जी सूचना केली आहे ती पंगतीचीच आहे: मेजवानी द्याल तेव्हा मित्रांना, भाऊबंदांना, धनवान शेजाऱ्यांना न बोलावता गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, कारण त्यांच्याकडे परतफेड करायला काही नाही. आणि आपले कुपन म्हणजे काय? परतफेड आगाऊ घेणे.

येथे आमचे खजिनदार हात वर करतील. गरजूंना कुपने मोफत देतो, असे ते म्हणतील, देतातही. पण मोफत कुपन मागायला कोणाच्या तरी दारी जावे लागते आणि त्या कुपनाचा रंग वेगळा असतो. चार माणसांच्या कुटुंबाला एक हजार चारशे रुपये जड जातात हे शेजारणीपुढे कबूल करण्यापेक्षा ‘त्या दिवशी आम्हाला लग्नाला जायचे आहे’ असे सांगणे सोपे. अशी लग्ने जानेवारीत फार निघतात.

आणखी एक गोष्ट लिहिताना माझा हात अडखळतो, तरी लिहितो. समूहांच्या सीमा आपण नकाशावर रस्त्यांनी आणि आळ्यांनी आखल्या आहेत. मनात मात्र त्या जुन्याच रेषांनी आखलेल्या आहेत. गावचा आणि बाहेरचा, वाडीतला आणि इमारतीतला, आपल्या बोलीचा आणि परक्या बोलीचा, आपल्या ज्ञातीचा आणि दुसऱ्या. मंगळूरहून, केरळहून, तामिळनाडूहून आलेली कॅथलिक कुटुंबे आपल्या इमारतींत दहा-पंधरा वर्षे भाड्याने राहतात, मिस्सेत आपल्या शेजारी उभी राहतात, शांतीची खूण म्हणून आपण त्यांना हात जोडतो; आणि त्यांच्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. वीज नाही, गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी तळमजल्यावरील आणि बैठ्या घरांतील माणसांना आपल्या खोल्यांत घेतले. एका मल्याळी परिचारिकेच्या दोन खोल्यांत सतरा माणसे झोपली. गावच्या बायकांनी चुलीवर भात शिजवला आणि तो ओळखीपाळखीविना वाटला गेला. त्या तीन दिवसांत मी कोइनोनिया पाहिली. तिला पत्रिका नव्हती आणि आभारप्रदर्शनही नव्हते. मग पाणी ओसरले आणि दारे लागली. त्या एकोप्याच्या स्मरणार्थ आम्ही पुढच्या महिन्यात एक सहभोजन ठेवले. कुपन होते. ती परिचारिका आली नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते, कारण ती कोणत्याच समूहाच्या यादीत नव्हती.

आपल्या वाडवडिलांना हे सगळे जमत होते आणि आपण बिघडलो, असले रडगाणे मला गायचे नाही. त्यांच्यातही भिंती होत्या, आपल्याहून उंच. पण त्यांनी एक गोष्ट करून दाखवली. सावकाराच्या कर्जात पिचणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९१८ साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तिचीच पुढे बँक झाली. सहकारी पतसंस्थेचा पाया काय असतो? शेजारी शेजाऱ्याला जामीन राहतो. त्याच्या केळीच्या बागेवर रोग पडला तर भुर्दंड मला, हे ठाऊक असूनही मी कागदावर सही करतो. एका धर्मगुरूला त्या काळी हे पाळकीय कार्य वाटले. आज आपण त्या सहीला बँकेचे काम समजतो आणि हाउझीला चर्चचे.

यात आम्हा धर्मगुरूंचा दोष मोठा आहे. कार्यक्रम आम्हाला सोयीचा असतो. त्याचा अहवाल लिहिता येतो, छायाचित्रे रात्रीच व्हॉट्सॲपवर जातात, बिशपस्वामींच्या भेटीच्या वेळी वर्षभराची यादी पुढे ठेवता येते. दोन भावांना एका ओसरीवर बसवले, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची? शिवाय ती फसण्याचा संभव फार, आणि एक भाऊ रागावून चर्चमध्ये यायचा थांबला तर तो ठपका आपल्यावर. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी अवघ्या ख्रिस्तसभेला सहप्रवासाच्या सिनडसाठी एकत्र बसून ऐकायला बोलावले. आम्ही बैठका घेतल्या, प्रश्नावली भरली, ती वेळेत पाठवली. ऐकणे मात्र प्रश्नावली पाठवल्यावर सुरू व्हायचे होते, हे आमच्या ध्यानात आले नाही.

त्या दोन भावांच्या समूहाची प्रमुख एक निवृत्त शिक्षिका आहे. आजीबाईंच्या निधनानंतर मी तिला माझी खंत बोलून दाखवली. ती म्हणाली, “फादर, सहावी पायरी मी घेते. तुम्ही फक्त येऊन बसा आणि मध्ये बोलू नका.” पुढच्या बैठकीत अनुभवकथन झाल्यावर तिने वही उघडली आणि शाळेत विचारावे तसे विचारले, “आता काम काय?” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तिनेच भिंतीचा विषय काढला. थोरला उठून निघून गेला. धाकटा म्हणाला, आमच्या घरच्या गोष्टीत समूहाने पडू नये. त्या दिवशी चहा तसाच राहिला. दोन महिने दोघेही बैठकीला आले नाहीत आणि माझ्याकडे तक्रारी आल्या की, बाईंनी समूह मोडला.

तिसऱ्या महिन्यात बाई, एक रिक्षाचालक आणि मी, असे तिघे आधी एकाच्या घरी, मग दुसऱ्याच्या घरी गेलो. असे पाच वेळा गेलो. दावा मागे घेतला गेलेला नाही. पुढची तारीख पडली आहे. पण पावसाळ्यापूर्वी भिंतीला एक दार झाले, आणि धाकट्याची बायको त्या दारातून विहिरीवर जाते. काचा अजून आहेत.

यंदाच्या धर्मग्राम दिनाची पहिली बैठक नुकतीच झाली. कुपने नकोत, प्रत्येक घराने जमेल ते रांधून आणावे, आणि पंगत बसण्यापूर्वी जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी पहिले ताट जावे, असा प्रस्ताव मी पाळकीय परिषदेपुढे ठेवला. खजिनदारांनी मंडपाचा खर्च विचारला. तो प्रश्न रास्त आहे आणि माझ्यापाशी त्याचे पूर्ण उत्तर नाही. एकाने विचारले की, घरोघरचे जेवण सर्वांनाच चालेल का? तो प्रश्न कशाबद्दल होता ते सगळ्यांना कळले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. उठता उठता युवकांच्या प्रतिनिधीने विचारले, “फादर, हाउझीचं काय?” ठेवा, मी म्हणालो. आकडे पुकारायला मात्र दुसरा कोणी बघा. मैदानामागच्या गल्लीत अजून तीन घरांत माणूस अंथरुणावर आहे, आणि त्या वेळी मला तेथे जायचे आहे.